वर्तणूक : चांगली

पळसफूल

नमस्कार मंडळी.

बारावीचा निकाल ५ मे २०२५ रोजी लागला, त्यानंतर गुणपत्रिका आल्या आणि आता माझ्या वर्गातली मुले एकेक करून शाळा सोडल्याचा दाखला न्यायला येत आहेत. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला आमचे कनिष्ठ महाविद्यालय आहे. कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांना मी मराठी शिकवते आणि यंदा बारावीची वर्गशिक्षिका होते. दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि त्यात आम्ही प्रत्येकापुढे 'चांगली' असे लिहितो. एकवीस वर्षे मी हा शब्द लिहीत आले आहे. यंदा एका मुलीच्या दाखल्यावर तो लिहिताना माझा हात थांबला, कारण तिच्याविषयी मला जे ठाऊक आहे त्यातले काहीच त्या शब्दात मावत नव्हते. म्हणून हा धागा काढते आहे. मुलांची आणि गावांची नावे लिहिणार नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, पालक आहेत किंवा स्वतः या वाटेने गेले आहेत, त्यांनी आपापल्या मुलांविषयी लिहावे आणि माझ्या मुलांच्या बेतांत काही चुकत असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे.

ती मुलगी तांड्यावरची आहे. तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि ऊन तापू लागल्यावर परततात. त्या पाच महिन्यांत आजी, दोन धाकटे भाऊ आणि एक गाय एवढ्यांचे घर ती चालवते. मुलींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची बस सकाळी फाट्यावर येते. ती चुकली की चार किलोमीटर चालत येणे भाग असते. अकरावीत ती पहिल्या तासाला पेंगायची आणि मी एकदा सर्वांसमोर तिला रागावले. तिने मान खाली घातली, उत्तर दिले नाही. धाकट्या भावाला तीन दिवस ताप होता आणि ती तीन रात्री जागी होती, हे मला मधल्या सुटीत तिच्या मैत्रिणीकडून कळले. त्या दिवसापासून मी पेंगणाऱ्या कोणत्याही मुलाला आधी घरचे विचारते.

घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी ही मुलगी मराठीच्या वहीच्या समासात आजीच्या गाण्यांतले शब्द लिहून ठेवायची आणि त्यांच्यापुढे मराठी अर्थ. मी तपासायला वही घेतली तेव्हा ती फार संकोचली होती. तिला नर्सिंगचा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम करायचा आहे. का, असे विचारल्यावर तिने सांगितले, "मॅडम, उपकेंद्रातल्या सिस्टर तांड्यावर आल्या की आमची आजीबी गप बसून आयकते. मले तसं व्हायचं हाय."

जात पडताळणीसाठी विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. तिचे आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, त्यामुळे शाळेचा दाखला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वडील दोन वेळा कामाचे दिवस मोडून आले आणि रिकाम्या हाताने परत गेले. शेवटी गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींच्या जुन्या कोतवाल बुकाची पाने उलटताना पणजोबांच्या नावापुढे एका मुलीच्या जन्माची नोंद सापडली, जातीच्या उल्लेखासह. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होते. वडिलांना हायसे वाटले, पण ही मात्र त्या फिकट झालेल्या ओळीवर बोट ठेवून तशीच उभी राहिली. आजोबांना एक बहीण होती हे त्यांच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. संध्याकाळी तिने आजीला सांगितले, तर आजीलाही ते ठाऊक नव्हते. ती लहानपणीच गेली असावी. प्रस्तावाला जोडायची नक्कल आम्ही घेतलीच, पण या मुलीने त्या ओळीची आणखी एक प्रत काढून घेतली आणि ती आपल्या मराठीच्या वहीत ठेवली आहे.

दुसरा मुलगा विज्ञान शाखेचा. त्याच्या वावराच्या मागून शकुंतलेचे रूळ गेले आहेत. यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस नेण्यासाठी घातलेली ती नॅरो गेज रेल्वे, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. आजोबा तिच्या गोष्टी सांगतात, नातवाने मात्र त्या रुळांवर गवतच पाहिले आहे. मग वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम निघाले आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली, तेव्हा हा मुलगा मामाकडे कळंबला जाऊन दिवसभर फलाटावर बसला होता. परत आल्यावर त्याने मला इंजिनाविषयी जेवढे सांगितले तेवढे त्याने दोन वर्षांत कोणत्याही धड्याविषयी सांगितले नव्हते. त्याला लोको पायलट व्हायचे आहे. बारावी विज्ञानानंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणून यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनात अर्ज करायचा आणि पदविका झाली की रेल्वेची परीक्षा द्यायची, असा त्याचा बेत आहे. आजोबांना एवढीच इच्छा आहे की नांदेडपर्यंत गाडी सुरू होईल तेव्हा आपण हयात असावे.

तिसऱ्याविषयी लिहिताना मला जरा सांभाळून लिहावे लागेल. तो कला शाखेचा, आणि इंग्रजीत नापास झाला आहे. वर्गात 'पुढे काय करणार' असे विचारले तेव्हा शेती करणार असे उभे राहून सांगणारा तो एकटा होता. बाकीच्या मुलांच्या घरीही शेती आहे, पण शेती हा बेत म्हणून सांगायला मुले कचरतात. वडील नाहीत, तो विषय वर्गात कोणी काढत नाही. काका आणि तो मिळून पाच एकर पाहतात, तीन भारी आणि दोन हलक्या जमिनीचे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, तेव्हा हा पाचवीत होता आणि काका नऊ दिवस दवाखान्यात होते. आज त्यांच्या वावरात हातमोजे, चष्मा आणि तोंडाला बांधायचे कापड असल्याशिवाय कोणी पंप पाठीवर घेत नाही, मग तो मजूर असो की काका स्वतः. मागच्या वर्षी त्याने काकांशी फरदडीवरून वाद घातला. डिसेंबरानंतर कपाशीची पऱ्हाटी पाणी देऊन उभी ठेवली की आणखी चार बोंडे मिळतात हे खरे, पण गुलाबी बोंडअळीलाही तेच घर मिळते आणि ती पुढच्या हंगामात पुन्हा भेटते. त्याने पऱ्हाटी उपटायला लावली आणि हरभरा पेरला.

नववीपासून तो एक पाऊसवही ठेवतो. कापलेली प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात लावलेली पट्टी आणि रोज सकाळी साडेआठला नोंद. भूगोलाच्या सरांनी वर्गात सहज सांगितलेली ती गोष्ट चाळीस मुलांनी ऐकली होती; चार वर्षे ती केली याने.

आता उरलेल्यांविषयी थोडक्यात. एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे पाचला ती डांबरी रस्त्यावर धावते आणि आजोबा मागून सायकलवर बॅटरी घेऊन येतात. आठशे मीटरची वेळ तेच घड्याळात पाहतात आणि तेच खडूने घराच्या दारामागे लिहितात. सुताराचा मुलगा तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवतो. त्याच्या नंदीच्या माना एकसारख्या नसतात. एक बैल मागे वळून पाहतो, एक मान खाली घालतो, कारण त्याने गावातले खरे बैल पाहून ते केलेले असतात. त्याला नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात जायचे आहे. वडिलांना वाटते की आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून त्याने घरचा धंदा वाढवावा. दोघेही मला आपापली बाजू सांगून गेले आहेत आणि मला दोघांचेही पटते.

आणि एका मुलीचे लग्न ठरले आहे. तिला अठरा पूर्ण आहेत, मुलगा चांगला आहे, घर ओळखीचे आहे. वर्गात तिसरी आलेली मुलगी आहे ती. मी आईशी दोनदा बोलले; उपयोग झाला नाही. पण तिने स्वतः सासरच्या मोठ्या माणसांसमोर बसून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए. करण्याची अट घातली आणि ती मान्य करून घेतली. दाखला नेताना तिने पुढच्या प्रवेशाला कोणकोणती कागदपत्रे लागतील याची यादी माझ्याकडून लिहून घेतली आणि ती तिने होणाऱ्या नवऱ्याला पाठवली आहे.

आपण लिहावे, ही विनंती.

धानपट्टा

ताई, तुमचा धागा दोनदा वाचला. मी गोंदिया जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. आमच्याकडे कापूस नाही, धान आहे आणि मालगुजारी काळातले तलाव आहेत. माझ्या वर्गातली एक मुलगी ढिवर समाजाची. वडील मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद आहेत आणि संस्थेने तलाव ठेक्याने घेतला आहे. ही मुलगी जाळे विणते, फाटलेले जाळे सांधते आणि मासळीच्या विक्रीचा हिशेबही तीच लिहिते. जीवशास्त्राच्या तासाला माशाच्या कल्ल्यांची आकृती फळ्यावर काढली, तेव्हा तिने उभे राहून मला विचारले की उन्हाळ्यात पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढतात ते याचमुळे का. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात, त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो, हे मी त्यावर समजावून सांगितले. पण निरीक्षण तिचे होते आणि ते पुस्तकात नव्हते.

नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे आणि तिथे चार वर्षांची पदवी मिळते, हे तिच्या घरी कोणाला माहीत नव्हते. वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "गुरुजी, मासोळीचंबी कॉलेज रायते का?" त्यांच्या प्रश्नात अविश्वास नव्हता. आपण आयुष्यभर करत आलो त्या कामाला विद्यापीठात जागा आहे, याचा तो आनंद होता, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला.

आमची खरी अडचण वेगळी आहे. प्रवेशाच्या फेऱ्या जुलैत येतात आणि आमची रोवणीही जुलैतच. अख्खे गाव चिखलात उतरलेले असते, मजुरी त्याच दिवसांत मिळते आणि त्याच दिवसांत नागपूरला कागदपत्रे घेऊन जायचे असते. मागे एका मुलाची जागा केवळ यामुळे गेली की यादी लागली तेव्हा तो धानाच्या बांधीत होता आणि मोबाईल घरी होता. यंदा मी माझ्या सर्व मुलांचे लॉगिनचे तपशील, त्यांच्या आणि पालकांच्या संमतीने, एका वहीत लिहून ठेवले आहेत आणि रोज संध्याकाळी मीच याद्या पाहतो.

जुनी वही

मी काही वर्षे दाखले आणि पडताळणीच्या कामात मुलांना मदत करतो, म्हणून पळसफूल ताईंच्या कोतवाल बुकाच्या अनुभवाला जोडून लिहितो. पुराव्याची तारीख प्रवर्गानुसार बदलते, हे पुष्कळ पालकांना ऐनवेळी कळते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा, वडिलांकडच्या नात्यातला पुरावा शोधायचा असतो. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक, जुने महसुली कागद यांत तो मिळू शकतो. आजोबा शिकलेले नसले तरी आजोबांचा चुलत भाऊ कधी तरी पहिलीत बसला असेल, तर तोही उपयोगी पडतो; फक्त नाते वंशावळीत दाखवता आले पाहिजे. माझा आग्रह एवढाच आहे की हे काम निकालानंतर सुरू करू नये. विज्ञान शाखेच्या मुलांचा प्रस्ताव बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत पाठवता येतो.

राहण्याच्या सोयीविषयीही सांगतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून मुले घरी परत येतात, हे मी पाहिले आहे. अशा मुलांसाठी अनुसूचित जातींना स्वाधार, अनुसूचित जमातींना स्वयंम् आणि इतर मागासवर्गाला सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत. त्यांत भोजन, निवास आणि निर्वाह यांची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. रक्कम येईपर्यंतचे पहिले काही महिने मात्र घरूनच भागवावे लागतात आणि त्याची तजवीज आधीच करावी.

काळीमाती

पळसफूल मॅडम, मी बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी आहे आणि तुमच्या तिसऱ्या मुलाविषयी माझे थोडे वेगळे मत आहे. त्याचे कौतुक मलाही आहे. पाऊसवही ठेवणारा मुलगा माझ्या घरात असता तर मी त्याला डोक्यावर घेतले असते. पण 'शेती करणार' एवढ्यावर आपण त्याला सोडून देऊ नये. पाच एकर कोरडवाहू जमिनीत एक वर्ष बुडाले तर पुढची दोन वर्षे ते भरून काढण्यात जातात. पंचवीस वर्षांपूर्वी मी बारावीनंतर वावरात उतरलो तेव्हा माझ्या गुरुजींनीही माझे कौतुकच केले होते. मला ते कौतुक आजही गोड वाटते, पण त्यांनी मला कान धरून एखाद्या पदविकेला घातले असते तर बरे झाले असते, असेही मला वाटते.

कृषी पदविकेला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, त्यामुळे तो कला शाखेचा आहे ही अडचण येणार नाही. ती झाली की कृषी सेवा केंद्राच्या परवान्याचाही मार्ग मोकळा होतो. फवारणीची एवढी काळजी घेणारा मुलगा औषधाच्या दुकानात बसला, तर तो एकट्या काकांना नाही, पंचक्रोशीला उपयोगी पडेल. एखादा शेतकरी दोन औषधे एकत्र मिसळायला निघाला, तर त्याला थांबवणारा कोणीतरी त्या दुकानात हवाच असतो.

पळसफूल

काळीमाती दादा, तुम्ही लिहिलेले मी काल त्याला जसेच्या तसे वाचून दाखवले. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले की पदविका करताना वावर कोण पाहील. हा प्रश्न योग्य आहे आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नव्हते. काकांचे वय झाले आहे आणि विषबाधेनंतर त्यांना उन्हात फार वेळ काम होत नाही. पण औषधाच्या दुकानाची गोष्ट त्याच्या मनात बसली आहे, हे त्याच्या दुसऱ्या प्रश्नावरून कळले. दुकानदाराला नाही म्हणता येते का, असे त्याने विचारले. म्हणजे माणूस चुकीचे औषध मागत असेल आणि आपल्याकडे ते असेल, तर ते न देता त्याला परत पाठवता येईल का. मी म्हटले, येते. आता मी जवळपासच्या कृषी विद्यालयांची चौकशी करते आहे. घरून जाऊन-येऊन शिकता येईल असे एखादे मिळाले, तर काका सकाळची कामे पाहायला तयार आहेत.

तुम्ही म्हणता ते मला लागले, आणि ते लागणे आवश्यक होते. मुलाच्या ठामपणाचे कौतुक करताना त्याला आणखी एक दार दाखवायचे मी विसरले होते.

सेवाग्रामचा रस्ता

ताई, मी आर्वी तालुक्यातली. जीएनएम करून आता नागपूरला एका मोठ्या रुग्णालयात काम करते. तुमच्या तांड्यावरच्या मुलीविषयी वाचताना मला माझे पहिले वर्ष आठवले, म्हणून तिच्यासाठी लिहिते. तिला हे वाचून दाखवावे.

पहिले तीन महिने कठीण असतात. शरीररचनेचे शब्द सगळे इंग्रजीत येतात आणि वर्गातल्या काही मुली ते आधीच ओळखत असतात, त्यामुळे आपल्यालाच काही येत नाही असे वाटू लागते. मी एक वही केली होती. तिच्यात इंग्रजी शब्द, त्याचा उच्चार देवनागरीत आणि त्यापुढे मराठी अर्थ लिहीत असे. ती तर समासात अर्थ लिहायला आधीच शिकलेली आहे. वॉर्डात गेल्यावर चित्र उलटे होते. रात्री कण्हणाऱ्या म्हाताऱ्या बाईजवळ कसे बसावे, तापात बडबडणाऱ्या मुलाला पाणी कसे पाजावे, हे तिला शिकवावे लागणार नाही. गोरमाटी बोलणारी परिचारिका एखाद्या घाबरलेल्या आजीच्या खाटेजवळ उभी राहिली, तर त्या आजीला केवढा आधार वाटतो, हे मी आमच्या वॉर्डात पाहिले आहे.

मात्र मला एक विचारायचे आहे. ती गेल्यावर त्या दोन भावांचे काय? माझी धाकटी बहीण माझ्या पहिल्या वर्षात शाळेतून गळाली होती. ती आता पुन्हा शिकते आहे, पण ते वर्ष गेलेच. घरातली मोठी मुलगी बाहेर पडते तेव्हा तिचे काम कोणाच्या तरी अंगावर पडते, आणि बहुतेक वेळा ते तिच्यापेक्षा लहान असलेल्याच्या अंगावर पडते.

पळसफूल

हा प्रश्न तिनेच सर्वांत आधी विचारला होता, म्हणून त्यावर आमचे बरेच बोलणे झाले आहे. मोठा भाऊ सातवीत जाईल. त्याला निवासी आश्रमशाळेत घालायचे ठरले आहे. धाकटा दुसरीत आहे आणि आजीला सोडून राहणार नाही. यंदा आई तोडीला जाणार नाही, वडील एकटेच जातील. तोडीचे काम जोडीने चालते, त्यामुळे एकट्या माणसाला आगाऊ उचल कमी मिळते, आणि ती तूट कशी भरायची हे घरात अजून ठरायचे आहे. आईने माझ्यासमोर मुलीला सांगितले की तुझ्या जन्माच्या वर्षीही मी गेले होते आणि तू पाचटाच्या खोपीत वाढलीस, आता एक वर्ष मी घरी राहीन. तुम्ही लिहिलेले मी त्या दोघींना वाचून दाखवीन. तुमच्या बहिणीचेही सांगेन, कारण त्या घराने ते ऐकले पाहिजे.

मोहफूल

गडचिरोली जिल्ह्यातून एका मुलीविषयी लिहितो. ती गोंड समाजाची. परीक्षेच्या दिवसांतच मोह गळू लागतो, त्यामुळे ती पहाटे अंधारात झाडाखाली जाऊन टोपली भरायची आणि मग पेपरला यायची. तिला वनरक्षक व्हायचे आहे. भरतीत मुलींना सोळा किलोमीटर अंतर चार तासांत चालून दाखवावे लागते. हे मी तिला काळजीच्या सुरात सांगितले, तेव्हा तिने विचारले की सोबत ओझे घ्यायचे असते का. नाही म्हटल्यावर तिला आश्चर्य वाटले. लेखी परीक्षेची तयारी मात्र तिला करावी लागेल, आणि त्यासाठी आमच्या गावात वाचनालय नाही. मी माझी पुस्तके तिच्याकडे दिली आहेत.

सिग्नल_हिरवा

मी मध्य रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. लहानपणी मूर्तिजापूरला मामाकडे जाताना शकुंतलेत बसलो आहे, त्यामुळे त्या मुलाच्या आजोबांशी माझे नाते लागते असे मी समजतो. बेत योग्य आहे. सहायक लोको पायलटच्या भरतीला ठरावीक ट्रेडचे आयटीआय किंवा अभियांत्रिकीची पदविका चालते; यांत्रिकी किंवा विद्युत शाखा घ्यावी. लेखी परीक्षेनंतर संगणकावर एक अभियोग्यता चाचणी असते, तिची भीती वाटू देऊ नये, पण सराव करावा.

माझे सांगणे मुख्यतः डोळ्यांविषयी आहे. या पदाची वैद्यकीय तपासणी रेल्वेत सर्वांत कडक असते. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची पूर्ण नजर लागते, रंग ओळखण्यात दोष चालत नाही आणि शस्त्रक्रियेने नंबर घालवलेला असेल तर उमेदवार बाद होतो. सगळ्या परीक्षा पास होऊन शेवटी रंगांच्या तक्त्यापाशी थांबलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना आपल्या डोळ्यांत हा दोष आहे हे तोपर्यंत माहीतच नव्हते. म्हणून पदविकेला पैसे भरण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या.

आणि त्याला हेही सांगा की हे काम रात्रीचे आहे. सणाच्या दिवशी आपण कुठल्या तरी परक्या स्थानकाच्या रनिंग रूममध्ये झोपलेले असतो. पण पहाटे गाडी पुढे धावत असताना दोन्ही बाजूंच्या वावरांतून माणसे कामाला निघालेली दिसतात आणि एखादे पोर हात हलवते. तेहतीस वर्षांत मी प्रत्येक वेळी हॉर्न देऊन त्याला उत्तर दिले. फलाटावर दिवसभर बसलेल्या मुलाला हे सांगावेसे वाटले.

पळसफूल

आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. दाखले देणे आज संपले, म्हणून जे पुढे घडले ते कळवते.

सिग्नल_हिरवा काका, त्याला परवा उपजिल्हा रुग्णालयात नेले होते. दोन्ही डोळ्यांची नजर सहा बाय सहा आहे आणि रंगांच्या तक्त्यावरचे सर्व आकडे त्याने वाचले. हॉर्नची गोष्ट मी त्याला सांगितली. आजोबांना तुमच्याशी बोलायचे आहे. आपली हरकत नसेल तर मला खाजगी निरोपातून क्रमांक कळवावा.

सुताराच्या घरी अजून काही ठरलेले नाही. वडिलांनी एवढे मान्य केले आहे की मुलगा आणि ते दोघे मिळून नागपूरला जाऊन ते महाविद्यालय पाहून येतील. मुलाने एक नंदी बरोबर न्यायचे ठरवले आहे.

तांड्यावरची मुलगी आज दाखला न्यायला आली. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो, तो आता संपला, त्यामुळे तिने प्रथमच महिला सवलतीचे अर्धे तिकीट काढले आणि ते मला दाखवले. तिच्या दाखल्यावर मी 'चांगली' असेच लिहिले आहे, कारण त्या रकान्यात दुसरे काही लिहिता येत नाही. ती गेल्यावर या धाग्यातले तिच्याविषयीचे सगळे मजकूर मी छापून एका पाकिटात घातले आणि तिच्या आईजवळ दिले.

तिसऱ्या मुलाची इंग्रजीची पुरवणी परीक्षा जूनच्या अखेरीस आहे आणि पेरणीही त्याच सुमारास येते. पण तो म्हणतो की ७५ मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तो बियाणे मातीत टाकणार नाही, आणि त्याच्या वहीत या महिन्यात आजवर ३८ मिलिमीटर नोंदले गेले आहेत. तेव्हा तोवर रोज सकाळी बाटली पाहून झाली की नऊ वाजता तो माझ्याकडे येतो आणि आम्ही दोन तास इंग्रजी वाचतो. काल पत्रलेखन झाले. उद्या उताऱ्यावरचे प्रश्न घेणार आहोत.